श्रावणी अमावास्येची पिवळी रेघ

18 ऑगस्ट 1868, श्रावणातली अमावास्या. दिवेआगरला तुम्ही पुळणीवर उभे आहात. मागे पोफळीच्या वाड्या पावसाने निथळताहेत. सकाळ असूनही उजेड उतरत चाललाय. ढग फाटतात तेवढ्यात दिसतं, सूर्याची कोरच उरली आहे. घराघरांत चुली थंड, तळ्यात उभ्याने जप चाललाय. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा इथून दक्षिणेला, विजयदुर्गाकडून विजापूर, गुंटूरकडे गेलाय. तिथे दुर्बिणी लावून बसलेल्यांना सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात एक पिवळी रेघ दिसते. ती सोडियमची असावी, असं आधी वाटतं. ती असते हेलियमची.

आता चला 10 जुलै 1908 च्या लायडनला, डच भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ऑनेस यांच्या प्रयोगशाळेत. तोच हेलियम इथे द्रवरूप करायचाय. पंपांच्या धडधडीने पायाखालची जमीन हलते आहे. नेहमीच्या तापमानाला हेलियम दाबून सोडला तर थंड व्हायच्या ऐवजी किंचित तापतो. म्हणून आधी द्रव हवा, मग द्रव हायड्रोजन वापरून त्याला गारठवलंय. बारीक झडपेतून सुटताना तो आणखी थोडा निवतो, आणि तोच गार वायू आत येणाऱ्या नळीभोवती उलटा फिरवला जातो. प्रत्येक फेरीला येणारा वायू आधीपेक्षा थंड. संध्याकाळ होते, तरी भांड्यात काही दिसत नाही. एक सहकारी सुचवतो, खालून उजेड टाका. आणि द्रवाची कड लखलखते! उणे 269 अंश. सगळा मिळून 60 घन सेंटिमीटर, चहाचा अर्धा कप.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती परत फिरवलेली थंडी. इतक्या खाली 1 वॅट उष्णता उपसायला तत्त्वतःच 70 वॅट लागतात, चांगल्या मोठ्या यंत्राला प्रत्यक्षात अडीचशेच्या आसपास. निसटलेली थंडी म्हणजे सांडलेली वीज.

19 एप्रिल 2021, कोविडची लाट. दिवेआगरच्याच रायगड जिल्ह्यात, कळंबोलीच्या रेल्वे यार्डात, सात रिकामे टँकर मालगाडीवर चढताना तुम्ही पाहता. ते विशाखापट्टणमहून उणे 183 अंशांचा द्रव ऑक्सिजन घेऊन नागपूर-नाशिकला येतील. त्याच्या एका लिटरचा साडेआठशे लिटर वायू होतो. दुहेरी भिंतींमधल्या निर्वात पोकळीने ती थंडी वाटभर राखली, म्हणून तो रुग्णांपर्यंत पोचला.

एमआरआय यंत्रातलं अतिवाहक चुंबक आजही बहुधा द्रव हेलियमवरच चालतं. उडालेला हेलियम हवेतून अंतराळात जातो, परत येत नाही. तुमच्या गावाजवळच्या रुग्णालयात असं यंत्र येणार असेल, तर किमतीबरोबर एवढं विचाराच: हेलियम किती लागणार, आणि उडालेला परत धरायची सोय आहे का?