९९९९ खेळांची कॅसेट

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचा प्लास्टिकचा डबा, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. मुंबईत त्यासाठी लॅमिंग्टन रोड गाठायचा. ज्यांना विकत घेणं परवडत नसे, ते सुट्टीत तासाच्या भाड्याने खेळत. डब्यावर नाव काहीही असो, आत बहुधा एकाच यंत्राची नक्कल असे: निंटेंडोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमची.

मासायुकी उएमुरा यांनी घडवलेलं हे यंत्र १४,८०० येनांना मिळे आणि त्यात नकलेला अडवणारं काहीच नव्हतं. १९८५ साली तेच यंत्र एनईएस या नावाने अमेरिकेत गेलं, तेव्हा निंटेंडोने यंत्रात आणि कॅसेटमध्ये एकमेकींना ओळखणाऱ्या चिप बसवल्या. चिप जुळली नाही, तर खेळ सुरूच होत नसे. तैवानच्या कारखान्यांनी नकलेसाठी जपानी बनावट निवडली, ती उगाच नाही. आपल्याकडच्या कॅसेटना ६० पिना असत, अमेरिकेतल्यांना ७२, तेही त्यामुळेच.

या नकलांना टाकाऊ म्हणणं मात्र अन्यायाचं आहे. फॅमिकॉम जपानी टीव्हीसाठी, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांच्या हिशेबाने बनलेला. भारतातला टीव्ही पाल पद्धतीचा, ५० चित्रांचा. युरोपसाठी निंटेंडोने प्रोसेसरचा वेग १.७९ वरून १.६६ मेगाहर्ट्झवर आणला, त्यामुळे जपानी खेळ तिथे तसाच चालवला तर संगीताचा सूर उतरे. तैवानच्या यूएमसी कंपनीने पाल देशांसाठी काढलेल्या चिपमध्ये तो वेग १.७७ राखला. सूर जवळपास मूळ जागी राहिला, वेळेच्या नेमक्या गणितावर बेतलेले जपानी खेळही बहुतांशी अडखळले नाहीत. हे डोळे मिटून केलेल्या नकलेचं काम नव्हे.

कॅसेटवर ९९९९ खेळ लिहिलेले असत. प्रत्यक्षात मोजके निघत. यादीत पुढे तोच खेळ दुसऱ्या नावाने, नाहीतर वरच्या लेव्हलपासून सुरू होणारा. कमी मेमरीत मावतील असे सुरुवातीच्या वर्षांतले छोटे खेळ त्यात भरले जात, आणि इथल्या मुलांची आवडनिवड त्यावरच घडली. 'सुपर मारिओ ब्रदर्स' अवघा ४० किलोबाइटचा. नामकोचा १९८५ सालचा 'बॅटल सिटी' २४ किलोबाइटचा: विटांच्या भिंतींआडचा गरुड सांभाळायचा, ३५ लेव्हल, दोघांनी मिळून खेळायची सोय आणि स्वतःचा नकाशा रचायचीही. एनईएसवर तो अमेरिकेत अधिकृतपणे कधी आलाच नाही. इथे मात्र भावंडं त्यावर दुपार काढत.

ही चोरी होती, हे स्पष्ट म्हणायला हवं. कित्येक कॅसेटींत खेळाच्या पहिल्या पडद्यावरून कंपनीचं नाव पुसलेलं असे. ज्यांनी हे खेळ घडवले, त्यांची ओळख इथल्या मुलांपर्यंत पोचलीच नाही. पण निंटेंडोने जगभर विकलेल्या सुमारे ६.१९ कोटी यंत्रांपुरताच इतिहास लिहिला, तर भारत, रशिया, पोलंड इथली अख्खी पिढी त्यातून गळते. रशियात १९९२ साली आलेली 'डेंडी' ही अशीच नक्कल. जुने खेळ संगणकावर चालवणाऱ्या मेसेनसारख्या एम्युलेटरमध्ये आज अमेरिकी आणि युरोपीय पर्यायांशेजारी 'डेंडी' असा तिसरा पर्याय असतो. यूएमसीच्या त्याच चिपचं गणित त्यात उतरवलेलं आहे.