हिशेब रुपयांचा आणि हिशेब माणसांचा



ज्या दिवंगत मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी माझ्या आधीच्या वक्त्यांनी पुष्कळ सांगितले आहे. त्याची पुनरुक्ती न करता मी थेट विषयाला हात घालतो. प्रजेच्या अन्नाविषयी व आरोग्याविषयी सरकारला जाब विचारण्याची परंपरा आपल्या समाजात कशी रुजली, हा आजचा विषय आहे. त्यासाठी मी आपल्या बेळगाव परिसरालाही होरपळून काढणारा १८७६-७८ चा दुष्काळ निवडला आहे.

१८७६ साली पावसाने दगा दिला. मुंबई इलाख्यातील सोलापूर, सातारा, नगर, पुणे या जिल्ह्यांबरोबरच बेळगाव, धारवाड आणि कलादगी हे दक्षिणेकडील जिल्हेही त्यात सापडले. कलादगी म्हणजे पुढे विजापूर या नावाने ओळखला गेलेला जिल्हा. १८७२ च्या शिरगणतीत तेथे आठ लाखांहून अधिक माणसे होती. १८८१ मध्ये ती साडेसहा लाखांच्या आत आली. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्याही या नऊ वर्षांत वाढण्याऐवजी घटली. काही लोक देशोधडीला लागले असतील हे खरे. परंतु बाकीचे कोठे गेले, याचे उत्तर सरकारकडून घेणे आवश्यक होते.

उत्तर देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांत सर रिचर्ड टेंपल हे प्रमुख. त्यांचा पूर्वेतिहास उद्बोधक आहे. १८७३-७४ साली बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून सढळ हाताने वाटला. भूकबळी जवळजवळ पडले नाहीत. मात्र या यशाबद्दल त्यांची वाहवा होण्याऐवजी उधळपट्टीचा ठपका आला. माणसे वाचली हे जमेला धरले गेले नाही. पैसे खर्च झाले एवढेच नावे पडले. तेच टेंपल १८७७ च्या जानेवारीत दुष्काळी प्रांतांच्या पाहणीसाठी आले, ते काटकसरीचा निश्चय करून. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडणाऱ्या धडधाकट पुरुषाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ रोकड पुरे, असे त्यांनी ठरविले. एक पौंड म्हणजे आजच्या मापाने अर्ध्या किलोहूनही कमी.

यावर पहिला जाब विचारला तो कोणा विद्वानाने नव्हे. मुंबई इलाख्यात हजारो मजूर काम सोडून निघून गेले. पोटात अन्न नसलेल्या माणसाने हातचे काम टाकावे, यापरता मोठा अर्ज कोणता? त्या मूक निषेधाला कागदावर आणण्याचे काम पुण्याच्या सार्वजनिक सभेने केले. १८७० साली स्थापन झालेल्या या सभेचे कार्यकर्ते गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका. आणि सरकारी नोकरीत असूनही तिच्या विचारामागे उभे असलेले न्यायमूर्ती रानडे. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागविली आणि दुष्काळाचे वृत्तान्त क्रमाने सरकारला सादर केले. त्यांची भाषा अदबीची आहे. पण धान्याचा भाव काय, मजुरी किती, तीत किती तोंडे भागतात, असा हिशेब पुढे मांडला की अदब राखूनही सरकारची कोंडी करता येते.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की जाब विचारणारा एक माणूस सरकारातच होता. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी एक पौंडाच्या शिध्यावर माणूस श्रम करू शकत नाही, हे वैद्यकशास्त्राच्या आधारे ठासून सांगितले. १८७७ मध्येच मद्रासेत शिधा वाढविण्यात आला. पुढे दुष्काळ आयोग बसला. त्याच्या १८८० च्या अहवालाने ब्रिटिश मुलखातील अधिक मृत्यूंचा अंदाज पन्नास लाखांच्या वर दिला आणि त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. संकटात मदत करणे ही राजाची मर्जी न राहता लेखी कर्तव्य झाले, ही त्या आयोगाची फलश्रुती.

सभेची मर्यादाही आपण लपवू नये. ती शिकलेल्या आणि मिळकतदार लोकांची सभा होती. खडी फोडणारा तिचा सभासद नव्हता. त्याच दुष्काळात जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने धनकवडीला निराधार मुलांसाठी बालाश्रम उघडला. एकीकडे भुकेल्याच्या तोंडी घास आणि दुसरीकडे सरकारच्या दारी जाब, ही दोन कामे दोन वाटांनी चालली. त्या वाटा एकत्र आल्या असत्या तर बरे झाले असते.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा सभेची सूत्रे टिळकांच्या पक्षाकडे आली होती. सभेने दुष्काळ संहितेचे मराठी भाषांतर छापून वाटले आणि तुमचा हक्क काय हे शेतकऱ्यांना गावोगाव समजावून दिले. मराठीचा अध्यापक म्हणून मला हे भाषांतर फार मोलाचे वाटते. कायदा इंग्रजीत होता तोवर तो सरकारचा होता. मराठीत येताच तो रयतेचा झाला. सरकारलाही ते बरोबर उमगले. १८९७ साली सभेची मान्यता काढून घेण्यात आली.

आता एका कळीच्या मुद्द्याकडे वळतो. दुष्काळात मेलेल्यांच्या नावापुढे भूक हे कारण क्वचितच लिहिले जाते. पटकी, ताप, अतिसार असे लिहिले जाते. रोग खरा असतो, पण त्याला शरीराचे दार भुकेने उघडून दिलेले असते. स्वराज्यातही ही रीत सुटली नाही. २००१ साली गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने अन्य स्वयंसेवी संस्थांसह ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा महाराष्ट्रातील पुष्कळ बालमृत्यू सरकारी दप्तरात आलेलेच नाहीत, असे दिसून आले. पुढे शासनाला डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. कोविडच्या साथीतही हेच झाले. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख अधिक मृत्यू झाले असावेत, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये वर्तविला. २०२१ अखेरचा सरकारी आकडा ४ लाख ८१ हजारांच्या आसपास होता. भारत सरकारने अंदाजाच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. पद्धतीवर वाद जरूर व्हावा. परंतु तो मिटवायचा तर मृत्यूंच्या नोंदी खुल्या हव्यात, हा त्यावरचा सरळ मार्ग आहे.

किती दवाखाने बांधले, किती कोटी खर्च केले, हे सरकार आपण होऊन सांगते. किती बाळंतिणी दगावल्या, किती मुले पाच वर्षांची होण्याआधी गेली, हे मात्र विचारावे लागते. बिहारमध्ये टेंपल यांच्यावर आलेला ठपका आणि दख्खनमध्ये त्यांनी केलेली काटकसर, या दोहोंच्या मुळाशी हा एकच दोष होता: हिशेब रुपयांचा झाला, माणसांचा झाला नाही.

या शाळेतून बाहेर पडलेले कित्येक जण आज डॉक्टर, शिक्षक, ग्रामपंचायतीचे सभासद, सरकारी अधिकारी आहेत. त्यांना माझी एकच विनंती आहे. आपल्या गावच्या जन्ममृत्यूची नोंदवही वर्षातून एकदा तरी उघडून पाहा, ती पुरी आहे का ते तपासा आणि तीत काय दिसते ते ग्रामसभेत लोकांच्या भाषेत सांगा. कागद हाती असलेल्या माणसाला परत पाठविणे कोणत्याही सरकारला जड जाते, हे सार्वजनिक सभेने आपल्याला शिकविले आहे.