दानाची शिळा

मावळातील कार्ले लेण्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले स्तंभ आहेत. त्याच गावच्या सामि नामक सुताराचे नावही द्वारापाशी कोरलेले आहे. बेडसे येथे नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या पुत्राचा दानलेख आहे. या ब्राह्मी लेखांतील ‘दान’ हा शब्द आम्हांस निर्णायक वाटतो. जे दान झाले, त्यावर पुढे कोणाचीच खाजगी मालकी उरत नाही.

म्हणूनच प्राचीन पाषाणमूर्ती संग्राहकांपुढे विक्रीस मांडली जाते, तेव्हा प्रश्न केवळ किमतीचा नसतो. स्थळापासून तुटलेल्या मूर्तीचा दाता, गाव आणि काळ हरवतो. ती मुकी होते. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती खाजगीरीत्या परदेशी नेण्यास १९७२ च्या कायद्याने मनाई आहे. तथापि चोरी सिद्ध करण्यास पुरावा लागतो. नालंदा येथून १९६१ साली चोरलेली कांस्य बुद्धमूर्ती जुन्या छायाचित्रांवरून ओळखली गेली व २०१८ साली लंडनमध्ये भारताच्या स्वाधीन झाली.

लेणी पाहावयास जाणाऱ्या उपासक-उपासिकांनी वंदनेबरोबर प्रत्येक शिल्पाचे छायाचित्र, स्थान व तारीख टिपून ठेवावी. पूर्वजांचे दान राखण्याचा हा मार्ग आपल्या हातचा आहे.