गादी आपलीच होती, तरीही…

कळंब्याचा तलाव बांधला गेला तेव्हा इथं कोल्हापूर संस्थान होतं. १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झालं. त्या विलीनीकरणासाठी झटलेल्यांत एक ठळक नाव आहे रत्नाप्पा कुंभार यांचं.

१९०९ साली शिरोळ तालुक्यातल्या निमशिरगावात त्यांचा जन्म झाला. हा भाग नकाशावर बघा. जयसिंगपूर कोल्हापूरचं, थोडं पुढं सांगली पटवर्धनांची, आणि कुरुंदवाडही पटवर्धनांचंच, पण वेगळं. काही मैलांत राजा बदलायचा, कचेरी बदलायची. ‘देश एक’ म्हणजे काय, हा प्रश्न इथल्या पोरांना पुस्तकात शोधावा लागत नव्हता.

१९३९ मध्ये भाई माधवराव बागलांसोबत रत्नाप्पा प्रजापरिषदेत उतरले. मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची. बेचाळीसला ते भूमिगत झाले. अंगावर गणवेश नव्हता, पण आयुष्य सैनिकाचंच. त्या लढ्याची किंमत जिल्ह्यानं रक्तानं मोजली: १३ डिसेंबर १९४२ ला गारगोटीच्या कचेरीवरच्या हल्ल्यात सात जण हुतात्मा झाले.

इंग्रज गेले, आणि खरा अवघड प्रश्न पुढं आला. इंग्रजांना ‘चले जाव’ म्हणणं सोपं होतं. कोल्हापूरची गादी मात्र राजर्षी शाहूंची. याच गादीनं १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या, वसतिगृहं उभारली, प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मग ती का सोडायची?

मला वाटतं, उत्तर शाहूंच्याच कामात आहे. चांगल्या राजानं दिलेला हक्क शेवटी त्याच्या मर्जीवर टिकतो. पुढचा राजा तसाच निघेल, याची हमी कोण देणार? हक्क टिकवायचा तर तो कायद्यात लिहावा लागतो. रत्नाप्पा संविधान सभेचे सदस्य झाले आणि त्या लिखाणावर त्यांचीही सही आहे.

नंतर ते आमदार झाले. पंचगंगा साखर कारखाना उभारला, कोल्हापुरात शिक्षणसंस्था काढल्या. १९९८ मध्ये ते गेले.

आज जयसिंगपूरहून सांगलीला जाताना फक्त जिल्हा बदलतो. एसटीतल्या कुणाला ते कळतही नाही. त्यांनी एवढ्याचसाठी तर सगळं केलं होतं.