काकुत्सांचे बंड कोणाचे?

जॉर्जियातील ऑगस्ट 1924 चा उठाव म्हणजे गमावलेली सत्ता परत मिळवू पाहणाऱ्या सरदारांचे बंड, असे सोव्हिएत सत्ता सांगत राहिली. उठावाचे एक नेते काकुत्सा चोलोकाश्विली जन्माने सरदार होते, झारच्या घोडदळात लढलेही होते. म्हणून हा आरोप सहज पटतो. पण उठावाची पहिली ठिणगी 28 ऑगस्टला चिआतुरा या मँगनीजच्या खाणींच्या गावात पडली आणि गुरिया प्रांतातले शेतकरीही उठले. केवळ सरदारकीसाठी ही माणसे जिवावर उदार झाली नसती. काकुत्सांनी मांगलिसीच्या सोव्हिएत छावणीवर हल्ला केला, तो फसला. मात्र त्या अपयशाचे खापर त्यांच्यावर फोडणे मला अन्यायाचे वाटते: उठावाच्या कटातले एक नेते वालिको जुगेली आधीच पकडले गेल्याने बेत उघडा पडला होता. काकुत्सा 1930 मध्ये फ्रान्समध्ये क्षयाने वारले.