ठिपका, आरसा आणि कुलाब्याची वही

लोधिवलीहून बोलतोय. आज विषय ऑटोकॉलिमेटरचा, म्हणजे यंत्राचे भाग सरळ रेषेत आहेत का, हे प्रकाशाने तपासणारं उपकरण. आरसा जेवढा फिरतो, त्याच्या दुप्पट कोनातून किरण परततो. भिंग 500 मिमीचं असेल, तर आरसा 1 आर्क-सेकंद हलला की ठिपका सुमारे 5 मायक्रॉन सरकतो, साधारण एक पिक्सेल. कॅमेरा लावून ठिपक्याचा मध्य काढला, की पिक्सेलचा दहावा हिस्साही सापडतो. डोळ्याला हे जमत नाही, शिवाय तो दमतो.

हे सगळं नवीन वाटतं ना? पण आपल्याच रायगडात, अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत, हीच युक्ती शंभर वर्षांपूर्वी चालू होती. टांगलेल्या चुंबकाला छोटा आरसा, त्यावर दिव्याचा किरण, आणि समोर घड्याळावर फिरणाऱ्या रुळावर फोटोचा कागद. पृथ्वीचं चुंबकत्व हललं की रेघ हलायची. माणूस झोपला तरी नोंद चालू!

ही वेधशाळा मूळची मुंबईतल्या कुलाब्याची. तिथे 1841 पासून चुंबकीय नोंदी डोळ्यांनी वाचून घेत. फोटोचा कागद आला 1870 च्या दशकात. मग विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या करंटने चुंबक नाचले असते, म्हणून संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात काम अलिबागला हललं. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, आणि ट्राम 1907 मध्ये धावली. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला पॅरलल रन म्हणतो, आणि बहुतेक वेळा कंटाळा करून टाळतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. 2 सप्टेंबर 1859, प्रचंड सौर वादळ. इंग्लंडमध्ये क्यू इथे फोटो-नोंदणी होती, पण रेघ कागदाबाहेरच गेली. कुलाब्यात तेव्हा कॅमेरा नव्हता. माणूस स्केल वाचत होता, वादळ दिसताच नेहमीपेक्षा कमी अंतराने वाचत राहिला. आकडा वहीत उतरला: आडव्या चुंबकीय बलात सुमारे 1600 नॅनोटेस्लाची घट. 2003 साली शास्त्रज्ञांनी त्या वादळाची तीव्रता काढली, ती याच वहीवरून.

म्हणून सेन्सर निवडताना मी आधी ठिपका किती बारीक दिसेल हे विचारत नाही. तो चौकटीबाहेर गेला तर प्रोग्रॅम काय लिहून ठेवेल, हे विचारतो.