ध्वनिलहरींवरील वर्गमित्र : ऑस्ट्रेलियातील आकाशशाळा आणि दूरस्थ विद्यार्थ्यांचे सहजीवन

१

शाळांच्या इतिहासात अभ्यासक्रम, परीक्षा, अनुदान आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांच्या नोंदी विपुल आढळतात. मधल्या सुटीची नोंद सहसा आढळत नाही. मुले शाळेत एकत्र येतात आणि एकत्र आल्यामुळे बोलतात, खेळतात, भांडतात व समेट करतात, ही गोष्ट इतकी गृहीत धरलेली असते की, तिच्यासाठी वेगळी तरतूद करावी लागेल ही कल्पनाही शिक्षणखात्याच्या मनास शिवत नाही. मुले आणि शाळा यांच्यामध्ये अंतर पडले म्हणजे मात्र ही तरतूद करणे भाग पडते. संगणकाच्या पडद्यावर भरणाऱ्या शाळांच्या संदर्भात आज जो प्रश्न वारंवार विचारला जातो, की घरी बसून शिकणाऱ्या मुलास सोबती कोठून मिळावयाचे, तो संगणकाहून पुष्कळच जुना आहे. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच उपस्थित झाला होता. तेथे त्यावर शोधलेल्या उत्तराला आता पाऊणशे वर्षे होत आली आहेत. या दीर्घ अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट होते : दूरस्थ विद्यार्थ्यांचे सहजीवन केवळ यंत्र आणल्याने उत्पन्न होत नाही, जेथे ते उत्पन्न झाले तेथे ते कोणीतरी जाणीवपूर्वक, श्रम व पैसा खर्च करून, उभे केलेले होते.

२

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील वस्ती अत्यंत विरळ आहे. गुरे व मेंढ्या पाळण्याची विस्तीर्ण क्षेत्रे, ज्यांना तेथे ‘स्टेशन’ म्हणतात, एकमेकांपासून शेकडो किलोमीटर अंतरावर असू शकतात. अशा ठिकाणी गावोगाव शाळा काढणे अशक्यच होते. यावर पहिला उपाय योजण्यात आला तो टपालाचा. १९१४ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात प्राथमिक वर्गांच्या मुलांना पत्रद्वारा शिकविण्यास प्रारंभ झाला व लवकरच इतर राज्यांनीही तो मार्ग स्वीकारला. पाठ टपालाने जात, मूल ते आईच्या देखरेखीखाली सोडवी, आणि उत्तरपत्रिका तपासून परत येण्यास कित्येक आठवडे लागत.

वाचन, लेखन व गणित शिकविण्याच्या दृष्टीने ही पद्धती निष्फळ ठरली असे म्हणता येणार नाही. परंतु तीत शिक्षक आणि विद्यार्थी असे दोनच घटक होते. विद्यार्थी आणि विद्यार्थी यांच्यामध्ये कोणताही दुवा नव्हता. एकच पाठ एकाच आठवड्यात शेकडो मुले सोडवीत असली, तरी त्यांतील एकालाही दुसऱ्याचे अस्तित्व ठाऊक असण्याचे कारण नव्हते. वर्ग होता, पण तो केवळ खात्याच्या नोंदवहीत होता.

३

हा दुवा ज्या साधनाने निर्माण झाला ते शिक्षणासाठी बनविलेले नव्हतेच. प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नांनी १९२८ मध्ये क्वीन्सलंडमधील क्लॉनकरी येथून विमानाने वैद्यकीय मदत पोचविण्याची सेवा सुरू झाली. परंतु दूरच्या स्टेशनवरील रुग्णाची वार्ता डॉक्टरपर्यंत पोचणार कशी, ही अडचण शिल्लक होती. ॲडलेडचे अभियंते आल्फ्रेड ट्रेगर यांनी ती दूर केली. सायकलप्रमाणे पायाने फिरवून वीज निर्माण करणारे त्यांचे बिनतारी यंत्र १९२९ पासून स्टेशनांवर बसू लागले. आरंभी संदेश तारेच्या संकेतलिपीत जात. पुढील दशकात प्रत्यक्ष संभाषणाची सोय झाली.

संभाषण शक्य होताच या यंत्राचा एक अनपेक्षित उपयोग सुरू झाला. वैद्यकीय संदेशांच्या वेळा सोडून ठराविक तासाला स्टेशनांवरील स्त्रिया एकमेकींशी बोलू लागल्या. पाककृती, मुलांची दुखणी, पावसाची वार्ता, कोणाच्या घरी कोण आले, असे हे बोलणे असे. गलाह नावाच्या, थव्याने कलकलाट करणाऱ्या काकाकुव्यावरून या वेळेस ‘गलाह सेशन’ असे थट्टेचे नाव पडले. थट्टा बाजूस ठेवली तरी या प्रघाताचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. कारण शिक्षणखात्याच्या ध्यानी येण्यापूर्वीच या स्त्रियांनी बिनतारी यंत्राचे रूपांतर पाणवठ्यात केले होते.

ॲडलेड मीथकी (१८८१–१९६२) यांच्या कार्याची पार्श्वभूमी ही आहे. त्या दक्षिण ऑस्ट्रेलियातील माध्यमिक शाळांच्या पहिल्या महिला निरीक्षक होत्या आणि निवृत्तीनंतर विमानवैद्यक सेवेच्या कार्यात त्यांनी पुढाकार घेतला होता. ॲलिस स्प्रिंग्ज भागातील प्रवासात त्यांच्या दोन गोष्टी ध्यानात आल्या. अंतर्भागातील मुले अनोळखी माणसांसमोर कमालीची बुजरी होतात, ही पहिली. आणि हीच मुले बिनतारी यंत्र सराईतपणे हाताळतात, ही दुसरी. या दोहोंची सांगड घालण्यातून आकाशशाळेची कल्पना निघाली. ८ जून १९५१ रोजी ॲलिस स्प्रिंग्ज येथील विमानवैद्यक केंद्रातून तिचे औपचारिक उद्घाटन झाले. ब्रोकन हिल येथे १९५६ मध्ये आणि क्लॉनकरी येथे १९६० मध्ये अशाच शाळा निघाल्या. क्लॉनकरीची शाळा पुढे १९६४ मध्ये माउंट आयझा येथे हलविण्यात आली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पाठ्यविषय पोचविण्याचे काम टपाल करीतच होते आणि पुढेही तेच करीत राहिले. आकाशशाळेचा जन्म अभ्यासाच्या उणिवेतून जितका झाला, तितकाच, किंबहुना अधिक, एकाकीपणाच्या जाणिवेतून झाला.

४

बिनतारी वर्गाचे स्वरूप त्याच्या तांत्रिक मर्यादांनी ठरविले. एका वेळी एकच जण बोलू शकत असे; आपले बोलणे संपल्याची खूण केल्यावाचून दुसऱ्यास संधी मिळत नसे. खरखराट असे, हवामान बिघडले की आवाज बुडे, आणि तातडीचा वैद्यकीय संदेश आला तर पाठ थांबे. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने हे सारे दोषच होत. परंतु याच व्यवस्थेचा एक गुण असा की, जे एकाशी बोलले जाई ते सर्वांना ऐकू येई. खासगी संभाषण तेथे शक्यच नव्हते. शिक्षिकेने एका मुलास प्रश्न विचारला, तो अडखळला, दुसऱ्याने उत्तर दिले, तिसऱ्याच्या वाढदिवसाचा उल्लेख झाला, आणि हे सर्व शेकडो किलोमीटरच्या परिघातील प्रत्येक स्वयंपाकघरात एकाच क्षणी पोचले. मुले एकमेकांना आवाजावरून ओळखू लागली. चेहरा न पाहता झालेली ही ओळख अपुरी असली तरी खोटी नव्हती. आपण अनेकांपैकी एक आहोत, ही टपालाच्या पाठाने कधीही न दिलेली जाणीव तीतून मुलास मिळत होती.

याच्याशी तुलना करण्याजोगे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. १९३७ च्या सप्टेंबरात पोलिओच्या साथीमुळे शिकागोतील शाळा उघडणे लांबणीवर पडले, तेव्हा तिसरी ते आठवीच्या सुमारे ३,१५,००० मुलांसाठी नभोवाणीवरून पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ देण्यात आले. वृत्तपत्रांनी त्यांची वेळापत्रके छापली. अल्पावधीत झालेली ती मोठी व्यवस्था होती. परंतु शिकागोचे मूल केवळ श्रोता होते. त्यास शिक्षक ऐकू येई, सहाध्यायी ऐकू येत नसत. दोन्हीकडे साधन ध्वनिलहरींचेच होते. मुलास उलट बोलता येणे आणि ते बोलणे इतर मुलांना ऐकू जाणे, एवढ्याच फरकामुळे ॲलिस स्प्रिंग्ज येथे वर्ग जमला आणि शिकागोत श्रोतृवर्ग राहिला.

५

तथापि आवाजाची ओळख पुरेशी आहे असे आकाशशाळांच्या चालकांनी कधीही मानले नाही. वर्षातून काही वेळा मुलांनी शाळेच्या गावी एकत्र यावे, सुमारे आठवडाभर एकमेकांसह राहावे, पोहावे, खेळावे, नाट्यप्रवेश करावे, असा प्रघात त्यांनी पाडला. शिक्षकही आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन येत. ॲलिस स्प्रिंग्जच्या शाळेचे क्षेत्र सुमारे १३,००,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौपटीहून अधिक आहे, हे लक्षात घेतले असता अशा एका भेटीचा अर्थ काय होतो याची कल्पना येते.

या एकत्र येण्याचा भार कोणावर पडत होता, हे पाहिल्यावाचून या इतिहासाचे मूल्यमापन पुरे होत नाही. मुलास गावी न्यावयाचे तर स्टेशनवरील काम सोडून मैलोगणती गाडी हाकावी लागे, निवासाचा खर्च करावा लागे. दुष्काळाच्या वर्षी तो खर्च अनेकांस झेपत नसे. १९७१ मध्ये न्यू साउथ वेल्समधील बर्क येथे एकाकी मुलांच्या पालकांची संघटना स्थापन झाली, आणि दूर राहणाऱ्या मुलांच्या शिक्षणासाठी होणारा वाढीव खर्च शासनाने उचलावा ही तिची सततची मागणी राहिली. दैनंदिन पातळीवर भार पडे तो बहुधा आईवर. आकाशशाळेचा पाठ दिवसातून थोडा वेळ चाले. उरलेल्या वेळी मुलास अभ्यासास बसविणे हे तिचे, किंवा ऐपत असल्यास घरी ठेवलेल्या शिक्षिकेचे, काम होते. शाळेच्या नावावर जमा होणाऱ्या यशाचा मोठा भाग या बिनपगारी श्रमाचा आहे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. आरंभीच्या दशकांत या वर्गात मुख्यतः गोऱ्या पशुपालक कुटुंबांची मुले होती. त्याच स्टेशनांवर गुराखी व घरकामकरी म्हणून राबणाऱ्या मूळ निवासी कुटुंबांची मुले बहुतांशी त्याच्या बाहेर राहिली. पाचशे किलोमीटरवरील मूल वर्गमित्र ठरले आणि अंगणापलीकडच्या झोपडीतील मूल ठरले नाही. भौगोलिक अंतर ओलांडण्याचे साधन सामाजिक अंतर आपोआप ओलांडत नाही, याचे याहून बोलके उदाहरण शोधावयास नको.

६

२००० नंतरच्या दशकात बिनतारी यंत्राची जागा उपग्रह व आंतरजाल यांनी घेतली. शिक्षकांचे मुख दिसू लागले, फळा दिसू लागला, खरखराट संपला. अध्यापनाच्या दृष्टीने ही प्रगती निर्विवाद होय. तरीही मुलांचे वार्षिक मेळावे आणि शिक्षकांच्या गृहभेटी या शाळांनी बंद केल्या नाहीत. चित्र स्पष्ट झाल्याने भेटीची गरज संपली असती, तर या खर्चिक प्रथा प्रथम बंद पडावयास हव्या होत्या. त्या टिकल्या, यातच पाच दशकांच्या अनुभवाचे सार आहे.

इतरत्र सुरू झालेल्या ऑनलाइन शाळांना हा वारसा लाभलेला नव्हता. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या फ्लॉरिडा व्हर्च्युअल स्कूलसारख्या संस्थांचा एक मोठा गुण असा की, विद्यार्थी आपल्या सवडीने व आपल्या गतीने शिकू शकतो. आजारी मुलास, खेळाडूस किंवा गावात न मिळणारा विषय शिकू इच्छिणाऱ्यास ही मुभा मोलाची आहे. परंतु प्रत्येकाची वेळ निराळी झाली की सर्वांची अशी वेळ उरत नाही. आणि सर्वांची वेळ नसेल तर साधन कितीही प्रगत असो, रचना पुन्हा टपालाच्या वर्गाचीच होते.

२०२० मध्ये करोनाच्या साथीने हा प्रश्न विरळ वस्तीपुरता राहू दिला नाही. युनेस्कोच्या गणनेनुसार शाळा-महाविद्यालये बंद झाल्याचा परिणाम जगभरातील सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांवर झाला. भारतात चर्चा झाली ती प्रामुख्याने साधनांची. आणि ते स्वाभाविकही होते, कारण त्या वर्षीच्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातील शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्याच घरी स्मार्टफोन आढळला. महाराष्ट्रात जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, आणि ज्यांच्या घरी फोन नव्हता अशा अनेक मुलांपर्यंत ती पोचली. तिची रचना मात्र शिकागोच्या जातीची होती. त्याच सुमारास पालघर जिल्ह्यातील काही आदिवासी पाड्यांवर ‘बोलकी शाळा’ हा प्रयोग झाला. त्यात ध्वनिमुद्रित पाठ ध्वनिवर्धकावरून ऐकविले जात आणि मुले उघड्या मैदानात अंतर राखून बसत. त्यातील यंत्र सर्वांत साधे होते, उत्तर देण्याची सोयही त्यात नव्हती. परंतु शेजारी कोण बसले आहे हे प्रत्येक मुलास दिसत होते, आणि पाठ संपल्यावर बोलावयास माणूस होते.

७

या सर्व उदाहरणांवरून दूरस्थ शाळेतील सहजीवनाच्या तीन अटी निष्पन्न होतात. मुलांची काही वेळ तरी समाईक असली पाहिजे. एकाचे बोलणे इतरांस ऐकू गेले पाहिजे. आणि वर्षाकाठी काही दिवस तरी त्यांची प्रत्यक्ष भेट झाली पाहिजे. पहिल्या दोन अटी यंत्राच्या योजनेत बसविता येतात, पण कोणी बसविल्या तरच. तिसरी अट यंत्राने भागत नाही. तिला गाडी लागते, निवास लागतो, सवड काढणारे पालक लागतात, आणि ज्यांना तशी सवड नाही त्यांच्यासाठी सार्वजनिक निधी लागतो.

मीथकी यांनी बुजरेपणा हा मुलाच्या स्वभावाचा दोष न मानता त्याच्या परिस्थितीचा परिणाम मानला, आणि म्हणूनच त्यावरील उपाय हे शाळेचे कर्तव्य ठरविले. ऑनलाइन शाळांच्या अंदाजपत्रकांत शिक्षकांचे वेतन, यंत्रे आणि आंतरजाल यांच्या रकमा असतात. मुलांच्या एकत्र येण्यासाठी त्यांत कोणती रक्कम दाखविली आहे, हे पाहिले असता त्या शाळेने मीथकी यांचा हा विचार कितपत स्वीकारला आहे, याचा निर्णय बऱ्याच अंशी करता येईल.